पॉवर स्टिअरिंगचा पिवळा दिवा येतो-जातो, घाटात गाडी न्यावी का?

कराडचा_गाडीवाला
नमस्कार मंडळी, माझी २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक आहे. हल्ली सकाळी गाडी चालू केली की मीटरवर स्टिअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह असलेला पिवळा दिवा तसाच राहतो आणि स्टिअरिंग एकदम जड होतं, बंद करून परत चालू केली की कधी जातो कधी नाही, पण एकदा गेला की दिवसभर काही त्रास नाही. गॅरेजवाला बघताक्षणी म्हणाला स्टिअरिंगचा अख्खा कॉलम (चाकाखालचा दांडा) बदला, खर्च ऐकून गप्पच बसलो. स्टिअरिंग ऑइल कमी असेल म्हणून बघायला गेलो तर बॉनेटखाली त्याची टाकीच दिसत नाही. शनिवारी आई-बाबांना घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला जायचंय, चालत्या गाडीत स्टिअरिंग लॉक तर होणार नाही ना?

वायरिंगवाला
टाकी दिसणार नाही दादा, तुमचं इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे, त्यात ऑइलच नसतं. कॉलमवर एक मोटर असते, तुम्ही चाक किती जोराने फिरवताय ते टॉर्क सेन्सर बघतो आणि त्या हिशोबाने मोटर मदत करते. ही मोटर बॅटरीतून भरपूर करंट खेचते, व्होल्टेज पडलं की कंट्रोल युनिट मदत बंद करतं आणि दिवा लावतं. सकाळीच होतंय म्हणजे माझा पहिला संशय बॅटरीवर. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी चावी लावायच्या आधी बॅटरीला मल्टिमीटर लावा, १२.६ व्होल्टच्या आसपास असेल तर ठीक, १२ च्या खाली असेल तर बॅटरी दमलीय. मग इंजिन चालू करून बघा, साधारण १३.८ ते १४.४ यायला पाहिजे, नाही आलं तर अल्टरनेटर, म्हणजे बॅटरी चार्ज करणारं यंत्र, तपासा. टर्मिनलवर पांढरं-हिरवं साचलंय का, आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर बॉडीला जिथे बसते तो बोल्ट ढिला किंवा गंजलेला आहे का तेही बघा. हे सगळं न बघता कॉलम बदलायला सांगणं मला अजिबात पटत नाही.

घाटातला_ड्रायव्हर
लॉक होत नाही, स्टिअरिंगची पुढच्या चाकांशी असलेली लोखंडी जोडणी तशीच असते, फक्त मोटरची मदत जाते. पण घाटाच्या हेअरपिनवर गाडी हळू असते आणि नेमकं हळू असतानाच स्टिअरिंग सगळ्यात जड लागतं, समोरून ट्रक आला आणि तेव्हाच मदत गेली तर हात कमी पडतील, त्यामुळे दिवा येतोय तोवर घाट नको. आणि स्कॅन केल्याशिवाय, म्हणजे मशीन लावून बिघाडाचे कोड वाचल्याशिवाय, सोडू नका. बाजारातले बरेचसे स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे कोड दाखवतात, स्टिअरिंगचे वाचायला त्या युनिटपर्यंत पोचणारं मशीन लागतं. टॉर्क सेन्सरचा कोड निघाला तर मग कॉलमचं बोलणं खरं असू शकतं.

जुनी_सुमोवाला
ज्यांच्या गाडीला ऑइलचं स्टिअरिंग आहे त्यांच्यासाठी, तिथे बऱ्याच गाड्यांत हा दिवाच नसतो, वळवताना कुंईं आवाज आला की टाकीतली लेव्हल आणि पंपाचा बेल्ट बघायचा. आणि चाक एका टोकाला नेऊन दाबून धरायचं नाही, पंपाची वाट लागते.

कराडचा_गाडीवाला
सगळ्यांचे आभार. आज सकाळी मीटर लावला, ११.८ आलं, चालू केल्यावर १४.१. बॅटरी कंपनीतून आलेलीच आहे, कधी बदललेली नाही.

वायरिंगवाला
मग अल्टरनेटर ठीक दिसतोय, बॅटरी गेलीय, आधी ती बदला. नवीन बसवल्यावर दिवा राहिला तर घाबरू नका, काही गाड्यांत इंजिन चालू ठेवून चाक या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून मध्ये आणलं की अँगल सेन्सर (चाक किती वळलंय ते बघणारा) परत सेट होतो आणि दिवा जातो. नाही गेला तर स्कॅन. शनिवारपर्यंत दोन-तीन सकाळी दिवा न येता गाडी चालू झाली तरच घाटात काढा, नाहीतर आई-बाबांना एसटीने घेऊन जा, कराडहून चिपळूणला गाड्या आहेत.