मास्टरपीस म्हणावं असं चित्रपटात नेमकं काय असतं?

तिसरी_रांग:

चांगला जमलेला कुठलाही चित्रपट हल्ली आठवड्याभरात ‘मास्टरपीस’ ठरतो. छायाचित्रण देखणं आहे, शेवटी धक्का आहे, विषय गंभीर आहे, एवढ्यावर हा शब्द दिला जातो आणि मग खरोखर त्या तोलाच्या चित्रपटासाठी वेगळा शब्दच उरत नाही.

पुरस्कार, गल्ला आणि समीक्षकांचे तारे बाजूला ठेवून, पडद्यावर जे दिसतं आणि ऐकू येतं त्यावरूनच हे ठरवता येईल का? येत असेल तर कसं पाहायचं, काय टिपायचं? चित्रपटात उघड दोष असेल तर तो बाद होतो का? आणि निर्णय द्यायला किती वर्षं थांबावं? ‘मला आवडला’ आणि ‘थोर आहे’ यांतला फरक उदाहरण देऊन सांगितलात तर फार बरं होईल.

कात्री_आणि_फीत:

ठरवता येतं, पण एका पाहण्यात नाही.

कसोटी अशी: त्या चित्रपटातला एखादा मोठा निर्णय मनातल्या मनात बदलून पाहा. कॅमेरा दोन फूट वर घेतला, शॉट चार सेकंद आधी तोडला, एक प्रसंग गाळला, तर काय होईल? चांगल्या चित्रपटाचं थोडंफार नुकसान होतं. थोर चित्रपटाचा अर्थच पालटतो.

शांताल आकेरमान यांचा ‘जान दिलमान’ (१९७५) घ्या. लांबी २०१ मिनिटं, एका विधवेच्या आयुष्यातले तीन दिवस. कॅमेरा समोर, स्थिर, फार उंच नाही. क्लोजअप नाहीत, पार्श्वसंगीत नाही. पहिल्या दिवशी ती बटाटे शिजायला ठेवते, ठरलेला पुरुष येऊन जातो, मिळालेले पैसे ती जेवणाच्या टेबलावरच्या सूपच्या भांड्यात टाकते आणि झाकण लावते. मग आंघोळ, मग टब घासून स्वच्छ करणं. खोलीतून बाहेर पडताना दर वेळी दिवा मालवणं. हे सगळं जवळजवळ पूर्ण लांबीनं दाखवलंय, त्यामुळे घरातला क्रम आपल्याला नकळत पाठ होतो. दुसऱ्या दिवशी पुरुष निघून गेल्यावर भांड्याचं झाकण उघडंच राहतं. केस विस्कटलेले. बटाटे जास्त शिजून गेलेत, आणि ती पातेलं हातात धरून घरात इकडून तिकडे फिरते, कुठे ठेवावं ते तिला सुचत नाही. कोणी ओरडत नाही, काही फुटत नाही, तरी छातीत धस्स होतं.

आता पहिला दिवस कापून वीस मिनिटांवर आणा. चित्रपट आटोपशीर होईल, पण ते उघडं झाकण नुसतं झाकण राहील. लांबी हे इथे दिग्दर्शिकेचं हत्यार आहे. संथ चित्रपट फसतात ते याच जागी. शॉट लांबवलेला असतो, पण त्या वेळात प्रेक्षकाला काहीच शिकवलेलं नसतं, म्हणून पुढे मोडण्यासारखा क्रमही तयार झालेला नसतो.

घरी करून पाहण्यासारखी पद्धत सांगतो. पहिल्यांदा काहीही न टिपता, मध्ये न थांबता पाहा. दुसऱ्यांदा मधलाच दहा मिनिटांचा तुकडा निवडा (सुरुवात आणि शेवट नको, तिथे सगळेच कष्ट घेतात) आणि आवाज बंद करा. प्रत्येक कटला कागदावर रेघ मारा आणि पुढे दोनच गोष्टी लिहा: शॉट किती सेकंदांचा, आणि आधीच्या शॉटपेक्षा यात नवं काय कळलं. दुसरा रकाना वारंवार रिकामा राहायला लागला, की कॅमेरा नुसता हजेरी लावतोय असं समजा.

शॉटची सरासरी लांबी काढणं सोपं आहे. १२० मिनिटं म्हणजे ७,२०० सेकंद, शॉट ६०० असतील तर सरासरी १२ सेकंद. पण या आकड्यावरून दर्जा ठरवू नका. झिगा व्हेर्तोव यांच्या ‘मॅन विथ अ मूव्ही कॅमेरा’मध्ये (१९२९) सुमारे ६८ मिनिटांत सतराशेहून जास्त शॉट आहेत, म्हणजे सरासरी दोन-अडीच सेकंद. आकेरमान आणि व्हेर्तोव दोन टोकांना उभे आहेत आणि दोन्ही कृती पहिल्या प्रतीच्या आहेत. पाहायचं ते हे, की दिग्दर्शक स्वतः घालून घेतलेला नियम कुठे मोडतो, आणि त्या जागी तो मोडायची गरज होती का.

काटकसरीचा नमुना हवा असेल तर ‘सिटिझन केन’मधला (१९४१) न्याहारीचा प्रसंग पुन्हा पाहा. सहा छोटे तुकडे, तेच टेबल, मध्ये कॅमेऱ्याचे झपाट्याचे फिरते शॉट. सुमारे अडीच मिनिटांत एक लग्न संपतं. शेवटच्या तुकड्यात बायको वर्तमानपत्राचा मालक असलेल्या नवऱ्याच्या प्रतिस्पर्ध्याचं वर्तमानपत्र वाचत बसलेली आहे आणि दोघं टेबलाच्या दोन टोकांना आहेत. भांडण दाखवलेलंच नाही.

ध्वनिपट्टी:

वरच्या पद्धतीत एक पायरी वाढवा. तोच दहा मिनिटांचा तुकडा पडदा झाकून नुसता ऐका आणि संवाद, सभोवतालचे आवाज, संगीत हे तीन थर वेगळे करा. कुठला थर काय वाहून नेतोय? चेहऱ्यावर दुःख, संवादात दुःख आणि व्हायोलिनवरही दुःख असेल तर दोन थर फुकट गेले. बहुतेक ‘भारावून टाकणारे’ चित्रपट दुसऱ्यांदा पाहताना इथेच उघडे पडतात. पहिल्यांदा संगीतानं आपल्याला धरून नेलेलं असतं.

याच्या अगदी उलट काम ‘पथेर पांचाली’त (१९५५) आहे. हरिहर बऱ्याच काळानं घरी परततो. मुलगी दुर्गा वारलेली आहे हे त्याला ठाऊक नाही. आणलेल्या वस्तू तो एकेक करून बायकोला, सर्वजयेला दाखवतो आणि मग दुर्गेसाठी घेतलेली साडी पुढे करतो. सर्वजया ती साडी तोंडाशी धरते आणि फुटते. तिचं तोंड उघडलेलं दिसतं, पण तिचा आवाज येत नाही. त्या जागी तारशहनाई वाजते, वरच्या पट्टीत, राग पटदीप. तारशहनाई म्हणजे कर्णा जोडलेलं, गजानं वाजवायचं तंतुवाद्य. तिचा स्वर माणसाच्या गळ्याच्या इतका जवळचा आहे की तो रडण्याच्या जागी बसतो, आणि रडणं नसल्यामुळे सहनही होतो.

बदलून पाहण्याची कसोटी लावा. खरा आक्रोश ठेवला तर प्रसंग तितकाच करुण राहील, पण तो एका बाईचा त्या क्षणापुरता आक्रोश होईल. आक्रोश आणि वाद्य दोन्ही ठेवलं तर मेलोड्रामा होईल. आवाज काढून टाकून वाद्य ठेवणं ही तिसरी वाट आहे. रविशंकरांचं संगीत कितीही मोठं असलं तरी ते कुठून सुरू करायचं हा निर्णय चित्रपटाचा आहे.

त्यानंतरचा हाराचा प्रसंग शब्दांशिवायच आहे. दुर्गेवर चोरीचा आळ आला होता तो हार तिच्या मागे धाकट्या भावाला, अपूला सापडतो. तो धावत जाऊन तळ्यात फेकतो. पाण्यावरचं शेवाळ फाटतं आणि हळूहळू पुन्हा मिटतं. अपू कोणाला काही सांगत नाही, आणि शेवाळ पूर्ण मिटत येईपर्यंत शॉट तोडलेला नाही. तो एक सेकंद आधी तोडला असता तर गुपित उघडं राहिलं असतं.

अभिलेख_३५:

निकाल देण्याआधी आपण नेमकं काय पाहिलं ते तपासा. वाद घालणाऱ्या दोघांनी दोन वेगळ्याच गोष्टी पाहिलेल्या असतात.

टीव्हीवरची गती गुळगुळीत करणारी सोय आधी बंद करा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींवर चित्रित होतो. ही सोय मधल्या चौकटी स्वतः बनवून भरते आणि सगळं मालिकेसारखं दिसायला लागतं. पाल या जुन्या टीव्ही-पद्धतीच्या डीव्हीडीवर २४ ऐवजी २५ चौकटी धावतात, म्हणजे १२५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांत संपतो आणि आवाजाची पट्टीही किंचित चढते. लय जोखायची असेल तर अशी प्रत उपयोगाची नाही. छापील लांबी आणि प्रतीची लांबी यांत चार टक्क्यांचा फरक दिसला की हे ओळखावं.

चौकटीचं प्रमाणही पाहा. १.३७:१ चा जुना चित्रपट १६:९ चा पडदा भरण्यासाठी वरखाली कापला तर जवळजवळ पाव उंची जाते. जपानी दिग्दर्शक ओझूंच्या ‘टोकियो स्टोरी’त (१९५३) कॅमेरा जमिनीलगत आहे आणि तो जवळपास हलतच नाही. दारांच्या आणि सरकत्या भिंतींच्या चौकटी, पुढ्यातली भांडी, बसलेल्या माणसांची डोकी हे सगळं एकमेकांना तोलून धरतं. त्यातली पाव उंची कापल्यावर जे उरतं त्यावर मत देणं अन्यायाचं आहे.

काळाबद्दल. ‘साइट अँड साउंड’ हे मासिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांचा कौल घेतं. १९५२ ला ‘बायसिकल थीव्ह्ज’ पहिला होता आणि ‘सिटिझन केन’ पहिल्या दहातही नव्हता. १९६२ ते २००२ अशा पाच कौलांत ‘केन’ पहिला. २०१२ ला ‘व्हर्टिगो’, २०२२ ला ‘जान दिलमान’. म्हणजे क्रमांक हलतो. पण वर आलेले चित्रपट मुळात यादीच्या आसपास टिकून होते, कारण लोक त्यांच्याकडे परत जात होते. पहिल्या आठवड्यातला कौल तर अगदीच कच्चा. ज्याँ रन्वार यांचा ‘द रूल्स ऑफ द गेम’ १९३९ ला पॅरिसमध्ये आपटला, कापला गेला, त्यावर बंदीही आली. महायुद्धातल्या बाँबहल्ल्यात मूळ निगेटिव्ह नष्ट झाली. १९५९ ला तुकडे जुळवून तो पुन्हा उभा केला गेला, आणि आज आपण बहुधा तीच प्रत पाहतो.

आकडाच हवा असेल तर दहा वर्षं आणि तीन पाहणी, असं मी म्हणेन.

जुनी_चौकट:

वरचं बहुतेक पटतं, पण ‘काहीच बदलता येत नाही’ हे पुरेसं नाही. उत्तम जाहिरातीतही एक सेकंद हलवता येत नाही. तिला कोणी या पंगतीत बसवत नाही.

या शब्दाचा मूळ अर्थ ध्यानात घ्या. युरोपातल्या कारागिरांच्या संघांत उमेदवार स्वतःची एक वस्तू घडवून पुढे ठेवायचा आणि ती पसंत पडली तर त्याला ‘मास्टर’ मानलं जायचं. तो कसबाचा पुरावा होता. पुढे अर्थ बदलला आणि आयुष्यातली सर्वोच्च कृती असा झाला. आपली अर्धी भांडणं या दोन अर्थांच्या सरमिसळीतून होतात. कसब सिद्ध करणारे चित्रपट पुष्कळ आहेत. माणसाकडे पाहण्याची नजर बदलणारे मोजके.

‘बायसिकल थीव्ह्ज’मध्ये (१९४८) एका गरीब बापाची सायकल चोरणारा पोरगा सापडतो तेव्हा चित्रपट त्याचं घर दाखवतो. तीही गरिबीच. त्या पोराला फेफरं येतं, गल्ली त्याच्या बाजूनं उभी राहते आणि आपल्या रागाला धरायला कोणीच उरत नाही. पुढे बाप स्वतः सायकल चोरायला जातो. बरोबरच्या आपल्या लहान मुलाला त्यानं ट्राम पकडून जायला सांगितलंय, पण मुलाची ट्राम चुकते आणि तो सगळं पाहतो. सायकलचा मालक मुलाकडे बघून बापाला सोडून देतो. मग मुलगा बापाचा हात धरतो आणि दोघं गर्दीत मिसळून जातात. दिग्दर्शकानं माफीही दिली नाही आणि शिक्षाही. हा तोल तंत्रातून येत नाही. तंत्र फक्त त्याला ढळू देत नाही.

दोषाबद्दल: नाही, दोषानं चित्रपट बाद होत नाही. ‘सायको’त (१९६०) शेवटाकडे मानसोपचारतज्ज्ञ उभा राहून आपण पाहिलेलंच समजावून सांगतो. तो प्रसंग जड आहे, अनेकांनी तो दोष मानलाय आणि तो दोष आहेच. पण लगेच पुढे भिंतीसमोर बसलेला तो खुनी आणि त्याच्या डोक्यातला आवाज येतो, आणि डॉक्टरांचं स्पष्टीकरण तोकडं पडतं. दोष कुठे आहे ते महत्त्वाचं. सांध्यावरचा दोष चालतो, कण्यातला नाही. मुख्य पात्राच्या वागण्यामागचं कारण खोटं असेल तर छायाचित्रण कितीही देखणं असो, तो चित्रपट उभा राहत नाही.

तिसरी_रांग:

सगळ्यांचे मनापासून आभार. एकच पुरवणी प्रश्न. दहा वर्षांचा नियम नुकताच पूर्ण केलेल्या एखाद्या चित्रपटाला ही कसोटी लावून दाखवाल का?

कात्री_आणि_फीत:

‘कोर्ट’ (२०१४) घेऊ. कॅमेरा स्थिर आणि लांब, न्यायालयात मागच्या बाकावर बसल्यासारखा. मुख्य खटला चालू असताना आजूबाजूची माणसंही चौकटीत राहतात, कारण शॉट रुंद आहे. क्लोजअप घेतला असता तर प्रेक्षकानं लगेच बाजू निवडली असती.

आता शेवट. सुट्टी लागते, न्यायालयाची खोली रिकामी होते, दिवे बंद होतात, पडदा काळा राहतो. इथे चित्रपट संपला असं वाटतं आणि तिथेच तो संपवता आलाही असता. व्यवस्थेवरचा एक नेमका चित्रपट झाला असता. पण तो पुढे चालू राहतो. न्यायाधीश मंडळींबरोबर सहलीला गेलेत. बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते. मुलं येऊन ओरडतात, ते दचकून जागे होतात, हाताशी आलेल्या एका मुलाला चापट मारतात आणि पुन्हा डोळे मिटतात.

हा तुकडा गाळून पाहा. मग खुर्ची उरते, खुर्चीवरचा माणूस जातो. तो ठेवल्यावर मागचे सगळे निकाल आणि सगळ्या पुढच्या तारखा या झोपलेल्या माणसाच्या होतात. माझ्या मते हा चित्रपट कसोटीला उतरतो. तिसऱ्यांदा पाहताना मी फक्त त्या काळ्या पडद्याची लांबी मोजायला सांगेन, घड्याळ लावून, आणि मग तो निम्मा असता तर सहलीचा पहिला शॉट कसा दिसला असता याचा विचार करायला.