लेडिग सेल ट्यूमर म्हणजे नक्की काय? रिपोर्टात ‘शक्यता’ लिहिलंय, पुढे काय करायचं?

साखळीचा_स्टॉपर
नमस्कार मंडळी, वय ३९, राहतो साखळीला. विषय जरा लाजेचा आहे पण लाजून लाजूनच उशीर झाला म्हणून सरळ लिहितो. चवथीच्या आधी माटोळी (गणपतीच्या वर टांगतो ती फळापानांची चौकट) बांधायला स्टुलावर चढलो तेव्हा डाव्या बाजूला जड जड वाटलं, हात लावून बघितलं तर अंडकोषात वाटाण्यापेक्षा मोठी कडक गाठ, दुखत मात्र अजिबात नव्हती. आईचं म्हणणं अंडवृद्धी असेल, मामाला पण होती. एका खाजगी दवाखान्यात दाखवलं, त्यांनी इन्फेक्शन म्हणून दोन आठवडे अँटिबायोटिक दिल्या, गाठ जागेवरच. मग सोनोग्राफी केली, २.४ सेमीची गाठ निघाली. रक्तात एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच हे गाठीचे तिन्ही मार्कर नॉर्मल. शेजारचे काका म्हणाले मार्कर नॉर्मल म्हणजे कॅन्सर नाही, विषय संपला. डॉक्टरांनी तरी जांघेतून ऑपरेशन करून डावा अंडकोष काढला. आता बायॉप्सीत लिहिलंय ‘सेक्स कॉर्ड स्ट्रोमल ट्यूमर, लेडिग सेल ट्यूमरची शक्यता, आयएचसी करावी’. सर्जन म्हणतात थांबा, घरचे म्हणतात केमो कधी, आणि गुगल उघडलं की झोप उडते. हा कॅन्सर आहे का? आणि अख्खा अंडकोष काढायची गरज होती का? हे डोक्यातून जातच नाही.

काचपट्टी
मी पॅथॉलॉजीत आहे, पण तुमच्या स्लाइड बघितलेल्या नाहीत, त्यामुळे हे ढोबळ समजा. वृषणाच्या गाठींपैकी साधारण ९० ते ९५ टक्के जर्म सेल ट्यूमर असतात, म्हणजे बीजपेशींतून निघालेल्या, सेमिनोमा वगैरे. तुमच्या रिपोर्टातली जात वेगळी, बीजपेशींना सांभाळणाऱ्या आणि हार्मोन बनवणाऱ्या पेशींची. त्यातली सगळ्यात जास्त दिसणारी लेडिग सेल, तरी एकूणात ती १ ते ३ टक्केच, म्हणून लिहिणारा ‘शक्यता’ म्हणतो. तो घाबरलेला नाही, प्रामाणिक आहे.

शेजारच्या काकांना सांगा, सेमिनोमातसुद्धा बऱ्याच वेळा मार्कर नॉर्मल असतात. नॉर्मल मार्करवरून नाव ठरत नाही, नाव सूक्ष्मदर्शकाखाली ठरतं, आणि तिथे पण एका रंगावर भागत नाही. आयएचसी म्हणजे पेशींवरची विशिष्ट प्रथिनं रंगवून बघणं. लेडिग असेल तर इन्हिबिन, कॅलरेटिनिन, मेलन-ए साधारण पॉझिटिव्ह येतात आणि जर्म सेलचे सॉल-४, ऑक्ट-३/४ निगेटिव्ह. लेडिग पेशीत राइंके क्रिस्टल नावाचे लांबट स्फटिक दिसले तर आम्ही खूष होतो, पण निम्म्याहून जास्त केसमध्ये ते सापडतच नाहीत. दोन्ही बाजूंना गाठी असत्या तर अॅड्रिनलच्या (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या) जन्मजात दोषातून येणाऱ्या गाठींचा पण विचार करावा लागला असता, त्या दिसायला अगदी लेडिगसारख्याच आणि त्यांना गोळ्या लागतात, ऑपरेशन नाही.

एक विचारू? छाती सुजली होती का तुमची?

साखळीचा_स्टॉपर
देवा. हो. वर्षभर. टीममधले चिडवायचे, मला वाटलं वजन वाढलंय, म्हणून रात्रीची भाकरी बंद केली होती. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, त्या दोन गोष्टींचा संबंध असेल हे डोक्यातच नाही आलं.

काचपट्टी
लेडिगच्या गाठी इस्ट्रोजेन वाढवू शकतात, त्यातून ते होतं. बीटा-एचसीजी बनवणाऱ्या गाठीनेही छाती सुजते, पण तुमचं ते नॉर्मल होतं, म्हणून मला ही खूण जास्त महत्त्वाची वाटते. सर्जनना आणि पॅथॉलॉजिस्टला दोघांना सांगा, कागदावर लिहून द्या. जुनी सूज पूर्ण उतरेलच असं नाही, कधी कधी तिथला मांसल भाग तसाच राहतो.

पेडण्याचो_पूत
स्टॉपर भाऊ, आमच्या बाबांची गोष्ट सांगतो, वेगळी गाठ आहे पण शेपूट तेच. बाबा ६७ वर्षांचे, उजवीकडे नारळाच्या बोंडाएवढी सूज, वर्षं काढली धोतरात लपवून. काढल्यावर एका लॅबने सेमिनोमा लिहिला, आम्ही रेडिएशनची तारीख घ्यायच्या बेतात होतो. नात्यातली एक नर्स म्हणाली ह्या वयात सेमिनोमा कमी, एकदा दुसऱ्याला दाखवा. लॅबमधून पॅराफिनचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) आणि स्लाइड मागून घेतल्या, पहिल्यांदा तोंड वाकडं केलं पण लेखी अर्ज दिल्यावर मिळाल्या, नीट गुंडाळून थिवीहून गाडी पकडून मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात नेल्या. निघालं स्पर्मॅटोसायटिक ट्यूमर. आधी त्याला स्पर्मॅटोसायटिक सेमिनोमा म्हणायचे, २०१६ च्या डब्ल्यूएचओ वर्गीकरणात ‘सेमिनोमा’ हा शब्दच काढून टाकला कारण ही गाठ त्या कुळातलीच नाही, हे तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. काढली की बहुतेक वेळा पुढे काही लागत नाही. बाबा आता काजूच्या बागेत आहेत, आणि मला विचारतात रेडिएशनचे पैसे वाचले ते कुठे गेले.

काचपट्टी
बरोबर, आणि नाव बदलायचं कारण फक्त हौस नाही. सेमिनोमा, एम्ब्रियोनल वगैरे गाठी गर्भापासून राहिलेल्या विशिष्ट पेशीबदलातून निघतात, स्पर्मॅटोसायटिक त्यातून निघत नाही, तिच्यात ऑक्ट-३/४ पण निगेटिव्ह. म्हणून २०१६ पासून ह्या दोन गटांची वेगळी रांग आहे, २०२२ च्या आवृत्तीत पण तीच. साठीच्या पुढे मात्र लिम्फोमा, म्हणजे लसिका पेशींचा कॅन्सर, पहिला आठवावा, तो वृषणात बऱ्याचदा दोन्ही बाजूंना असतो आणि त्याला औषधोपचार पूर्ण वेगळे. चुकीचं नाव म्हणजे चुकीचा उपचार.

गावठी_वैद्यकी
एवढी कापाकापी कशाला? आधी सुईने तपासून बघायचं होतं, आमच्या ओळखीत गळ्याच्या गाठीला तसंच केलं. नाहीतर काढा होता.

काचपट्टी
गळ्याला चालतं, इथे नको. खालून सुई घातली तर पेशी पिशवीत सांडायची आणि लसिका वाहून जायची वाट बदलायची भीती, म्हणून जांघेतून चीर देतात. काढ्याबद्दल मी बोलणार नाही, रात्र लहान आहे.

स्टॉपर, अख्खा काढायची गरज होती का ह्याचं खरं उत्तर: फार लहान, हाताला न लागणारी गाठ, मार्कर नॉर्मल, असं असेल तर काही ठिकाणी गाठ तेवढीच काढून ऑपरेशन चालू असतानाच फ्रोझन सेक्शन (तुकडा गोठवून लगेच केलेली तपासणी) बघतात आणि बाकी वृषण वाचवतात. तुमची हाताला लागत होती, २.४ सेमी, आणि त्या क्षणी सेमिनोमाची शक्यता सगळ्यात जास्त, तेव्हा सर्जननी केलं ते रीतसर आहे. एक वृषण बहुतेकांना पुरतं, फक्त टेस्टोस्टेरॉन तपासून घ्या.

आणि केमोची घाई अजिबात नको. जर्म सेलला केमो जादूसारखी लागू पडते, लेडिगला ती नीट लागू पडतच नाही. लेडिगच्या बहुतेक गाठी साध्या असतात, जुन्या मालिकांमध्ये दहातली एक पसरणारी. रिपोर्टात हे शोधा: आकार ५ सेमीच्या वर, सूक्ष्मदर्शकाच्या दहा फील्डमध्ये तीनपेक्षा जास्त मायटोसिस (विभागणाऱ्या पेशी), नेक्रोसिस (मेलेला भाग), रक्तवाहिनीत शिरकाव, कडा घुसखोर, पेशी वाकड्यातिकड्या. ह्यातलं एकत्र जास्त काही असेल तर काळजी, एखादंच असेल तर बोलून बघा. लिहिलंच नसेल तर लिहून मागा, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

साखळीचा_स्टॉपर
आठ दिवसांनी लिहितोय. आयएचसी आली. इन्हिबिन आणि कॅलरेटिनिन पॉझिटिव्ह, सॉल-४ निगेटिव्ह. मायटोसिस १, नेक्रोसिस नाही, कडा स्वच्छ. छाती-पोटाचा सीटी स्कॅन मंगळवारी गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) आहे, बांबोळीला सकाळी सहाची कदंबा बस पकडायची. सर्जन म्हणाले स्कॅन स्वच्छ आला तर औषध नाही, फक्त नियमित तपासणी, पण वर्षानुवर्षं. तरी मी ब्लॉक मागून ठेवलाय, अर्ज दिला, ह्यांनी पण आधी तोंड वाकडं केलं, पेडणेकर.

पेडण्याचो_पूत
सगळीकडे एकच तोंड असतं रे. स्लाइड कापसात गुंडाळ, डब्यात ठेव, खिशात नको. आणि टीमला सांगून टाक की भाकरीचा काही दोष नव्हता.