प्रायमर चपटा दिसला म्हणजे दाब वाढला असे समजावे काय?

प्रश्न

.308 विंचेस्टर या प्रकारची रायफलची काडतुसे मी घरी भरतो. पुस्तिकेतील सुरुवातीच्या मापापासून अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने (ग्रेन हे वजनाचे छोटे एकक) पावडर वाढवत गेलो, तेव्हा कमाल मापाला एक ग्रेन शिल्लक असतानाच प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडातील ठिणगी देणाऱ्या टोपीच्या) कडा चपट्या झालेल्या आणि त्यावर आपटणाऱ्या फायरिंग पिनच्या खळग्याभोवती बारीक काठ उठलेला दिसला. बोल्ट (काडतुसामागे बंद होणारा रायफलचा दांडा) मात्र सहज उघडतो आणि केसच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) बुडावर इजेक्टरचा (रिकामी केस बाहेर फेकणाऱ्या भागाचा) ठसा नाही. येथेच थांबावे, की ही लक्षणे फसवी असू शकतात?

उत्तर १

तूर्त थांबावे, परंतु एकट्या प्रायमरच्या साक्षीवर निकाल देऊ नये. प्रायमरच्या टोपीचा धातू प्रत्येक उत्पादकाचा कमी-अधिक कठीण असतो, त्यामुळे एकाच दाबाला एक प्रायमर चपटा होतो आणि दुसरा गोलसर राहतो. बोल्टमधील फायरिंग पिनचे भोक सैल असेल, तर सौम्य भारालाही खळग्याभोवती काठ उठतो.

हेडस्पेसही, म्हणजे बोल्ट आणि केस यांच्यातील मोकळी जागा, तपासावा. साइझिंग डायने (वापरलेली केस पुन्हा मापात आणणाऱ्या साच्याने) केसचा खांदा (मानेखालचा उतरता भाग) प्रमाणाबाहेर मागे ढकलला असेल, तर झाडताना प्रायमर आधी खाचेतून मागे सरकतो आणि नंतर केस ताणून बोल्टवर आदळते, तेव्हा तो पुन्हा आत दाबला जाऊन चपटा होतो. म्हणजे दाब बेताचा असूनही चित्र जादा दाबाचे दिसते. झाडलेल्या आणि साइझ केलेल्या केसच्या खांद्याचे माप गेजने घ्यावे. बोल्ट रायफलमध्ये दोन हजारांश इंचाच्या आसपासचा फरक पुरेसा असतो. त्याच रायफलमधून कारखान्यातील काडतूस झाडून त्याचा प्रायमर शेजारी ठेवून पाहावा, म्हणजे रायफलचा स्वभावही कळेल.

उत्तर २

वरील मताशी मी सहमत आहे, पण खरा धोका उलट बाजूचा आहे, असे मला वाटते: लक्षण दिसत नाही म्हणून दाब सुरक्षित आहे, हे गृहीतक. अमेरिकेतील सॅमी या मानक संस्थेने .308 साठी कमाल सरासरी दाब 62,000 पौंड प्रति चौरस इंच ठरवला आहे. इजेक्टरचा ठसा, जड उघडणारा बोल्ट, सैल झालेली प्रायमरची खाच ही लक्षणे पितळ आपली ताकद संपवू लागले की उमटतात, आणि तोवर ही मर्यादा बहुधा मागे पडलेली असते. .30-30 ची मर्यादा 42,000 आणि .45-70 ची 28,000 आहे. तेथे पितळ काही बोलण्याच्या कितीतरी आधीच जुन्या रायफलची सहनशक्ती संपलेली असू शकते. अशा काडतुसांच्या बाबतीत ठशांची वाट पाहणे म्हणजे धूर दिसेपर्यंत आग नाही असे मानणे होय.

म्हणून क्रोनोग्राफ, म्हणजे बुलेटचा वेग मोजणारे यंत्र, वापरावा. बॅरलची लांबी आणि बुलेट पुस्तिकेतील चाचणीशी जुळत असतील आणि तुमचा वेग कमाल मापाच्या वेगाला आधीच पोहोचला असेल, तर दाबही बहुधा तेथेच पोहोचला आहे, मग तराजू काहीही सांगो. वेग फुकट मिळत नाही.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. खांदा सात हजारांश इंच मागे जात होता, म्हणजे डायची जुळणी चुकीची आहे. वेग मात्र मोजलेला नाही. केसही पूर्वीच्या नव्हत्या, लष्करी पितळ होते.

उत्तर २

मग दोन कारणे एकत्र आली असावीत. लष्करी केसच्या भिंती बहुधा जाड असतात, आतली जागा कमी असते, आणि त्याच पावडरला दाब चढतो. केस, प्रायमर, बुलेट किंवा पावडरची तुकडी बदलली की पुन्हा खालच्या मापापासून सुरुवात करावी. बुलेट रायफलिंगला (बॅरलच्या आतील पिळदार खाचांना) टेकवून बसवली असेल, तर तेही दाब वाढण्याचे कारण ठरते.

उत्तर ३

दोन गोष्टी जोडतो. चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या जागेत) तेल राहिले, तर केसची भिंत पकड घेत नाही आणि बोल्टवरचा जोर वाढतो. शिवाय तापलेल्या चेंबरमध्ये काडतूस ठेवून वेळ काढला, तर उष्णतेला संवेदनशील पावडरचा दाब वाढतो. थंड सकाळी निर्दोष वाटलेला भार कडक उन्हात तसाच राहील असे नाही.

या मापाची उरलेली काडतुसे झाडून संपवू नयेत. बुलेट पुलरने (बुलेट ओढून काढण्याच्या साधनाने) सोडवावीत आणि नव्या जुळणीने, दोन ग्रेन खाली येऊन, पुन्हा भरावीत.