पांढऱ्या लेबलची रेकॉर्ड मिळालीय, टेस्ट प्रेसिंग कसं ओळखायचं?

पेठेतला_श्रोता (सोलापूर)
नमस्कार मंडळी, काल विजापूर वेशीकडं एका भंगारवाल्याकडं गेलतो, तिथं फाटक्या चादरीत बांधलेल्या वीसेक रेकॉर्ड होत्या, बहुतेक भजनं आणि नाट्यगीतं, पार खरवडलेल्या. पण तीन वेगळ्या निघाल्या. एका एलपीला दोन्ही बाजूंनी कोरं पांढरं लेबल, वर नुसता बॉलपेननं नंबर. दुसरी एचएमव्हीची, लेबलवर 'नॉट फॉर सेल'चा शिक्का. तिसरी दहा इंची, हातात घेतली तर चांगलीच जड, लेबलवर शाईनं काहीतरी लिहिलंय ते वाचता येत नाही. आधी वजनावर देतो म्हणाला, मी फोटो काढाय लागलो तसं तिन्हीचे तीन हजार झाले. पाचशे देऊन घरी आणल्यात, परवा बाकीचे द्यायचे नाहीतर माल परत. खऱ्या आहेत का ओ? वाजवून बघू का?

तबकडीवेडा (पुणे)
पांढरं लेबल म्हणजे टेस्ट प्रेसिंगच असं नसतं दादा, मी स्वतः सुरुवातीला यात पैसे घालवलेत. टेस्ट प्रेसिंग म्हणजे साचा तयार झाला की मोठी छपाई सुरू करायच्या आधी मोजक्या पाच-दहा प्रती काढतात, खरखर, टक् आवाज, सुई उडते का हे ऐकून बघायला, म्हणून लेबल छापलेलं नसतं. आता ओळखायचं कसं, तर लेबलच्या कडेला बोट फिरवा. रेकॉर्डचं लेबल डिंकानं चिकटवत नाहीत, प्लास्टिकच्या गरम गोळ्याबरोबर ते मशिनमध्येच दाबलं जातं, त्यामुळं कडेला उंचवटा लागत नाही. नख अडकलं तर नंतर कुणीतरी कागद डकवलाय. दुसरं, खाचा संपल्यावर जी गुळगुळीत पट्टी असते तिथं कोरलेला मॅट्रिक्स नंबर, म्हणजे साच्याचा नंबर, तिरक्या उजेडात बघा आणि डिस्कॉग्स या रेकॉर्डच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर टाका. टेस्ट प्रेसिंगची तिथं वेगळी नोंद असते आणि आधी कितीला गेलीय तेही दिसतं.
शिक्केवाली रेडिओला किंवा दुकानदाराला दिलेली नमुना प्रत असणार, पण साचा तोच असतो, त्यामुळं नुसत्या शिक्क्यावर जास्त पैसे देऊ नका. लेबलच वेगळं छापलं असेल तर गोष्ट वेगळी. 1962 साली बीटल्स या इंग्लिश बँडच्या पहिल्या सिंगलच्या (छोट्या रेकॉर्डच्या) 250 नमुना प्रतींवर त्यांच्यातल्याच मॅकार्टनीचं स्पेलिंग चुकलं होतं, त्या आजही लोक शोधतात.

सुई_आणि_खाच (मिरज)
दहा इंची वाजवू नका!! आधी सांगा, मधल्या भोकाच्या कडेला धातू चमकतोय का, आणि लेबलवर मधल्या भोकाशेजारी अजून एखादं भोक आहे का? असेल तर ती लॅकर आहे, ज्याला लोक अ‍ॅसिटेट म्हणतात, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर मऊ थर आणि त्यात थेट खाच कापलेली. साच्यातून निघालेली नाही, म्हणजे ती एकच प्रत असू शकते. प्रत्येक वेळी वाजली की वरचे सूर थोडे झिजतात, जुन्या ग्रामोफोनच्या पोलादी सुईनं तर एकदाच वाजवून वाट लागेल. स्पिरिटनं पुसू नका, पांढरी पूड दिसली तरी घासू नका, ते थरातलं तेलच बाहेर आलेलं असतं. 2002 मध्ये न्यूयॉर्कच्या रस्त्यावरच्या बाजारात वेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन बँडची अशीच एक अ‍ॅसिटेट 75 सेंटला मिळाली होती, 2006 मध्ये ती 25,200 डॉलरला गेली. तुमच्यात तसं काही असेल असं नाही म्हणत, पण आत कुणाचा तरी आवाज आहे आणि तो दुसरीकडं कुठंच नसेल.

पेठेतला_श्रोता (सोलापूर)
पांढऱ्याला नख अडकलं. खाली जुनं छापील लेबल आहे, कोपऱ्यातनं लाल रंग दिसतोय. वाईट वाटलं. पण दहा इंचीला दुसरं भोक आहे आणि कडेला चांदीसारखं चमकतंय! अजिबात वाकत पण नाही. एकाच बाजूला खाचा आहेत.

जुळे_सोलापूर
भाऊ, ती पत्र्याच्या खोलीत नाहीतर माळ्यावर ठेवली असेल तर पहिल्यांदा तिथनं हलवा. आपल्याकडं मे महिन्यात 42-43 जातंय, माझ्या वडिलांच्या चाळीसभर एलपी एका उन्हाळ्यात अशा वाकल्या की सुई लाटेवर होडी चालावी तशी वरखाली होते. उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, खालच्या खोलीत भिंतीला न टेकता. आणि लॅकरवर प्लास्टिकची पिशवी घट्ट गुंडाळू नका, साधं स्वच्छ कागदी कवर घाला.

तबकडीवेडा (पुणे)
माझ्याकडं हलक्या वजनाची सुई आणि कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची सोय आहे. एकदाच वाजवायची आणि त्याच वेळी रेकॉर्ड करायची. पैसे नकोत, मला फक्त ऐकायचंय.

पेठेतला_श्रोता (सोलापूर)
भंगारवाल्याशी बोललो, बाकीच्या दोन परत करून दहा इंची एकटी आठशेला ठरली. उद्या पैसे देतो. रविवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला येतोय, मांडीवर धरूनच आणतो, पत्ता मेसेज करा दादा.