पहाटे सीलोमीटरचा बॅकस्कॅटर वाढतो, पीएम २.५ वाढत नाही. का?

खाडीकाठ: मुंबईत गच्चीवर ९१० नॅनोमीटरचा सीलोमीटर (वर लेसर सोडून परतणारा प्रकाश मोजणारं यंत्र) आहे, शेजारी बीटा यंत्र (फिल्टरवर जमलेले कण बीटा किरणांनी मोजणारं) पीएम २.५, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण, मोजतं. हिवाळ्यात पहाटे खालच्या २०० मीटरमधला बॅकस्कॅटर (कणांवरून परत आलेला प्रकाश) दुप्पट-अडीचपट होतो, पीएम जेमतेम हलतं. दुपारी दोन्ही छान जुळतात. लेसरवरून पीएमचा अंदाज काढायचाय. आधी काय तपासू?

धूलिकण: आधी आर्द्रता. मीठ, सल्फेट, नायट्रेटचे कण ८० टक्क्यांपुढे पाणी घेऊन झपाट्याने फुगतात आणि लेसरला तेच फुगलेले कण दिसतात. बीटा यंत्राच्या नळीतला हीटर मात्र हवा सुकवूनच फिल्टरवर सोडतो.

७० टक्क्यांखालच्या नोंदींवरच पीएमशी संबंध बसवा. मग दुरुस्ती: कोरडा बॅकस्कॅटर = मोजलेला × [(१ − आ) ÷ (१ − ०.४)]^गॅमा. आ म्हणजे सापेक्ष आर्द्रता, अपूर्णांकात; ०.४ ही कोरडी मानलेली आर्द्रता; गॅमा म्हणजे कण किती फुगतात ते सांगणारा घातांक. गॅमा ०.५ धरला तर ९० टक्क्यांना फुगवटा सुमारे २.४ पट येतो, म्हणजे तुमचा आकडा बहुतेक इथेच सुटला. गॅमा स्वतःच्या नोंदींतून काढा. दिल्लीचा उचलू नका, तिथे समुद्री मीठ नाही. ९५ टक्क्यांपुढच्या नोंदी सरळ टाकून द्या.

वेधशाळा_१९: वेळही बघा. सीलोमीटर यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत), बीटा यंत्र भारतीय वेळेत असेल तर तासांच्या सीमा अर्ध्या तासाने सरकतात. तयार तासिक सरासऱ्या जुळवू नका, कच्च्या नोंदींपासून नव्याने काढा. बीटाच्या नोंदीवरचा वेळेचा शिक्का तासाच्या सुरुवातीचा की शेवटचा, तेही पाहा.

ओव्हरलॅपसाठी (जवळच्या उंचीवर लेसरचा झोत ग्राहक भिंगाच्या टप्प्यात नीट येतो का ते बघायला) वाऱ्याच्या दुपारी अंतर-वर्गाने गुणलेला सिग्नल काढा. खालचे काहीशे मीटर तो जवळपास सपाट हवा. रोज त्याच उंचीला खळगा असेल तर दोष प्रकाशयंत्रणेचा. बाष्पशोषणाची दुरुस्ती ९१० ला लागतेच, पण २०० मीटरसाठी ती किरकोळ.

यंत्र अगदी उभं आहे का? मुंबईत मे आणि जुलैत सूर्य डोक्यावर येतो, ऊन थेट भिंगात शिरेल. उत्तरेला १२ अंश कलवा, उंचीला कोसाइन लावा.

खाडीकाठ: आर्द्रता गच्चीवरची चालेल?

धूलिकण: तळाच्या थरापुरती. पहाटेच्या तापमान-व्युत्क्रमणात वर हवा उबदार आणि बहुधा कोरडी असते. गच्चीचाच आकडा २०० मीटरला लावलात तर दुरुस्ती जास्त होईल आणि पीएम कमी दिसेल.