'रिअल-टाइम'ला मराठीत काय म्हणावं?

धागाकर्ती
माझी भाची इथेच पुण्यात पीएचडी करते. विषय असा, की कारखान्यातल्या अनेक यंत्रांचे संगणक एकमेकांशी बोलून काम कसं उरकतील, आणि तेही ठरलेल्या वेळेत. तिला दोन पानांचा सारांश मराठीत हवाय आणि घरात शब्दकोश उशाशी घेऊन झोपणारी मावशी एकच. शीर्षकातच अडलोय. तिनं यंत्राकडून भाषांतर करून आणलं: 'सायबर-भौतिक प्रणालींचे वास्तविक वेळेतील समन्वय व नियंत्रण'. वास्तविक वेळ? मग बाकीची काय स्वप्नातली? मी 'तत्क्षण' सुचवलं, तर म्हणाली, "मावशी, लगेच व्हायला नकोय गं, वेळेत व्हायला हवंय." हा फरक मला कुणी समजावेल का?

प्रतिसाद, भोसरीहून
ताई, मी पॉवर प्रेसच्या मेंटेनन्सला आहे. आमच्याकडचं सांगतो. प्रेससमोर लाइट कर्टन असतो, न दिसणाऱ्या किरणांचा पडदा. ऑपरेटरचा हात त्यातून आत गेला की प्रेस थांबली पाहिजे, हात डायखाली, म्हणजे दाबणाऱ्या साच्याखाली, पोचायच्या आधी. हिशोबाला हाताचा वेग सेकंदाला २ मीटर धरतात. किरण तुटल्यापासून प्रेस पूर्ण थांबेपर्यंत ०.१ सेकंद जात असेल, तर पडदा डायपासून किमान २० सेंटिमीटर लांब लागतो, वर थोडी भर घालतात ती वेगळी. म्हणजे आमच्याकडे वेळ टेपने मोजता येते.

आता बघा. शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा ०.०२ सेकंदात आणि एखाद्या वेळी अर्ध्या सेकंदात थांबणारी प्रेस कामाची नाही, कारण अर्ध्या सेकंदात हात १ मीटर जातो. प्रत्येक वेळी न चुकता ०.१ लावणारी, तशी मंदच, ती चालते. पडदा तिच्या हिशोबाने लावलाय ना.

पीएलसीचंही, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या संगणकाचंही, तेच. इनपुट वाच, प्रोग्रॅम चालव, आउटपुट लिही, परत पहिल्यापासून. याला स्कॅन म्हणतात. स्कॅन ठरल्यापेक्षा लांबला की वॉचडॉग, म्हणजे त्या वेळेवर नजर ठेवणारं घड्याळ, पीएलसीला फॉल्टला टाकतो, म्हणजे बिघाड धरून थांबवतो. उत्तर बरोबर होतं का, हे कुणी विचारत नाही.

धागाकर्ती
दादा, एका फटक्यात कळलं. आणि शब्दही हाताशीच होता की! 'वेळच्या वेळी'. पोरांना वेळच्या वेळी जेवा म्हणतो तेव्हा भराभर गिळा असं थोडंच म्हणतो. विशेषण हवं तर 'वक्तशीर'. 'वक्तशीर नियंत्रण' कसं वाटतं?

प्रतिसाद
वक्तशीर हा माणसाचा गुण झाला. यंत्राला कसा लावणार? मी आपला 'रिअल-टाइम'च ठेवला असता. अभियंत्यांना तोच कळतो.

धागाकर्ती
डेक्कन क्वीन १९३० पासून धावतेय, तिला वक्तशीर म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. अभियंत्यांना कळतो हे खरं, पण 'रिअल-टाइम' ऐकून बाकीच्यांना 'आत्ताच्या आत्ता' एवढंच कळतं, जसं मला कळलं. अर्थ चुकीच्या बाजूला नेणारा शब्द रुळलाय म्हणून किती दिवस पोसायचा?

प्रतिसाद
'सायबर'चं काय करणार? मराठीत तो शब्द पोलिसांच्या ताब्यात आहे. वाचणाऱ्याला वाटेल बँक खात्यातून पैसे गेले.

प्रतिसाद, निवृत्त शिक्षक
यात एक गंमत आहे. अमेरिकन गणितज्ञ नॉर्बर्ट वीनर यांनी १९४८ साली 'सायबरनेटिक्स' हे नाव वापरलं ते ग्रीक 'किबरनेटीस'वरून, म्हणजे सुकाणू धरणारा. आपल्याकडे संस्कृतातून आलेला 'कर्णधार' नेमका तोच. कर्ण म्हणजे इथे कान नव्हे, सुकाणू. आपण त्याला नाणेफेकीला पाठवून दिला, ती गोष्ट निराळी. त्याच ग्रीक शब्दाचं लॅटिन रूप इंग्रजीत शिरलं ते 'गव्हर्नर' होऊन. शेतावरच्या डिझेल इंजिनाला असतो तो गव्हर्नर! इंजिन पळायला लागलं की फिरणारी वजनं बाहेर फाकतात आणि डिझेल कमी करतात, मंदावलं की उलट. जेम्स वॉट यांनी १७८८ मध्ये तो वाफेच्या इंजिनाला बसवला आणि १८६८ साली मॅक्सवेल यांनी त्याचं गणित मांडलं. 'सायबर-फिजिकल' (संगणक आणि तो चालवतो ती यंत्रं मिळून) हे जोडनाव मात्र अलीकडचं, २००६ च्या सुमाराचं, अमेरिकेत हेलन गिल यांनी दिलेलं. तेव्हा चोऱ्यामाऱ्यांशी त्याचा संबंध नाही. सारांशात 'सायबर-भौतिक' राहू द्या, पण पहिल्याच परिच्छेदात सुकाणूचं एक वाक्य घाला.

आणि फीडबॅकला, म्हणजे झालेला परिणाम पाहून पुढची कृती बदलण्याला, कृपा करून 'अभिप्राय' लिहू नका. गव्हर्नर इंजिनाला अभिप्राय देत नाही.

धागाकर्ती
सर, यंत्राच्या भाषांतरात तो सात वेळा आलाय. आता 'फीडबॅक'च ठेवते. 'समन्वय'ही मला खटकतोय, सभेच्या इतिवृत्ताचा वास येतो त्याला.

प्रतिसाद, ढोल पथकातून
'ताळमेळ' घ्या की! ताळ्यातला ताळ धरा नाहीतर तालातला, दोन्ही लागू पडतात. आमच्याकडे ताशे पुढे, ढोलांच्या रांगा मागे. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. शेवटची रांग ३४ मीटर मागे असली तर तिला ताशा ०.१ सेकंद उशिरा ऐकू येतो. जलद हातात सेकंदाला चार-पाच ठोके पडतात. म्हणजे मागचा माणूस अगदी बिनचूक वाजवत असला तरी अर्धा ठोका मागे! म्हणून मागच्यांना कानावर नाही, डोळ्यावर वाजवायला लावतात. पुढच्याचं वर गेलेलं टिपरू बघायचं आणि त्याच्याबरोबर आपलं टाकायचं.

धागाकर्ती
भाचीला वाचून दाखवलं. ती म्हणे, "हाच माझा तिसरा चॅप्टर आहे, फक्त ढोलांच्या जागी रोबो." संदेश पोचायला लागणारा वेळ धरून प्रत्येकानं आपलं पाऊल कधी टाकायचं, एवढाच तिचा प्रश्न. तर आता शीर्षक असं: 'सायबर-भौतिक प्रणालींचा वक्तशीर ताळमेळ आणि नियंत्रण'. 'डेडलाइन'ला 'मुदत' आहेच. 'हार्ड' आणि 'सॉफ्ट' मुदतीला 'कडक' आणि 'सैल' करतेय. प्रेसची कडक, व्हिडिओ कॉलची सैल, चित्र क्षणभर थिजलं तर कुणाचं बोट जात नाही.

एकच राहिलं. ठोका कधी किंचित आधी, कधी किंचित नंतर पडतो, त्याला ती 'जिटर' म्हणते. त्याला काय म्हणू?

प्रतिसाद, ढोल पथकातून
लय हलणे.

प्रतिसाद, भोसरीहून
आमच्याकडे पण जिटरच म्हणतात. पण हे बरंय.