आजीच्या पैठणीचं बॅकग्राउंड

वर विचारलंय ना की विकतचे स्क्रॅपबुक पेपर (फोटोंच्या वहीत फोटोमागे लावायचे नक्षीदार कागद) सगळे सारखेच दिसतात, घरच्या प्रिंटरवर आपले आपण करता येतील का, तर हो, आणि फार सुंदर होतात. मी आजीच्या येवल्याच्या पैठणीचा पदर सरळ स्कॅनरच्या काचेवर पसरला, वर जाड पुस्तक ठेवलं म्हणजे चुण्या पडत नाहीत, आणि ६०० डीपीआयला (म्हणजे एका इंचात ६०० ठिपके) स्कॅन केला, कारण मग दुप्पट मोठा करून छापला तरी ३०० डीपीआय उरतात आणि मोराच्या पिसाऱ्यातला धागा न् धागा दिसतो. जरीची चमक मात्र येत नाही, ती मातकट दिसते, तेवढा ब्राइटनेस वाढवा. पण छापताना रंग फिका करा हं, ओपॅसिटी, म्हणजे रंगाचा गडदपणा, ३०-४० टक्के, नाहीतर वरचा फोटो हरवतो. आजीचा गंगेवरचा फोटो त्यावर लावला तेव्हा आई कितीतरी वेळ नुसता हात फिरवत बसली होती. साधा ७५ जीएसएमचा (एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा) कागद शाईने फुगतो, १७०चा मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, घ्या, आधी तुमच्या प्रिंटरला चालतो का बघा. आणि प्रिंटर इंकजेट, म्हणजे पातळ शाई फवारणारा, असेल तर पातळ गोंद अजिबात नको, शाई पसरते, दोन्ही बाजूंनी चिकटणारी डबल टेपच लावा.